बेलाच्या पानाची सही

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी, म्हणजे दारव्ह्याला गेले होते. शकुंतला गाडी कधीचीच बंद पडलेली, त्यामुळे यवतमाळहून एस.टी.चा धक्काबुक्कीचा प्रवास. पण घरी पोचलं की मेसच्या पोळ्यांचं दुःख विसरायला होतं, हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको!

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आजीनं नेहमीप्रमाणे कपाटातून पितळी डबी काढली. त्यात चांदीचे पाच जुने रुपये आहेत. वर्षातून एकदा ते दुधापाण्यानं धुवायचे, पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं आणि दुसऱ्या दिवशी परत डबीत ठेवायचे, हा आमच्या घरचा रिवाज. इतकी वर्षं मी ते नुसतेच पाहत आले. यंदा मात्र थर्ड इयरला असल्याची थोडी हवा डोक्यात होती. मोबाईलचा टॉर्च लावून एक रुपया नीट पाहिला. १९१८ साल. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला गोल वेलबुट्टी. तिच्या अगदी तळाशी कमळाचं फूल आणि त्या फुलाखाली एक बारीक, उठावदार ठिपका. दुसरा रुपया उचलला. फूल तेच, पण ठिपका गायब! मी लगेच निदान करून टाकलं, की हा कास्टिंग डिफेक्ट असणार. आजी हसली. तिच्या सासऱ्यांनी तिला सांगून ठेवलं होतं, की ठिपकेवाला रुपया मुंबईचा आणि बिनठिपक्याचा कलकत्त्याचा.

मला काही ते पटलं नाही. हॉस्टेलवर परतल्यावर लायब्ररीत शोधलं. आजी शंभर टक्के बरोबर होती. शिवाय रुपया कास्ट करत नाहीत, ठशानं छापतात, हे सरांनी वर्गात सांगितलेलं मी साफ विसरले होते ते वेगळंच.

त्या ठिपक्याला टांकसाळीचं चिन्ह म्हणतात. यूपीआयच्या जमान्यात खिशात नाणं सापडणं कठीण, पण सापडलंच तर सालाच्या खाली बघा. साधारणपणे शंकरपाळ्याच्या आकाराचं चिन्ह असेल तर ते नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, पाच टोकांची चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. अमेरिकेतही हाच प्रकार. तिथली पहिली टांकसाळ फिलाडेल्फियाची. तिच्या बहुतेक नाण्यांवर पूर्वी काहीच चिन्ह नसायचं. १८३८ पासून शाखा सुरू झाल्या, तेव्हा कुठलं नाणं कुठल्या शाखेत पडलं ते कळावं म्हणून अक्षरं आली. न्यू ऑर्लिन्सचा ओ, पुढे सॅन फ्रान्सिस्कोचा एस, डेन्व्हरचा डी. १९६५ ते १९६७ या तीन वर्षांत तिथे नाण्यांची टंचाई होती. तेव्हा संग्राहकांनी नाणी दाबून ठेवू नयेत म्हणून ही अक्षरं काढूनसुद्धा टाकली होती!

आता प्रश्न असा, की हा खटाटोप कशासाठी? उत्तर आपल्याच वर्कशॉपमध्ये आहे. सळईवर कंपनीचा छाप असतो, हेल्मेटवर आय.एस.आय.ची खूण आणि तिच्याजवळ लायसन नंबर असतो. माल खराब निघाला तर कुणाची मान धरायची ते त्यावरून कळतं. नाण्याचंही तसंच. वजन कमी भरलं, चांदीत भेसळ निघाली, तर जबाबदार कोण? ज्याचं चिन्ह, तो.

या चिन्हांबद्दल वाचता वाचता एका जुन्या रुपयाचा फोटो समोर आला. त्यावर सगळा मजकूर फारसीत, नाव दिल्लीच्या बादशहाचं आणि त्या अक्षरांच्या गर्दीत एक शिवलिंग आणि एक बेलाचं पान. तो रुपया होता होळकरांचा, अहिल्याबाईंच्या काळातला. अहिल्याबाई म्हटलं की आपल्याला हातात पिंड घेतलेला फोटो आठवतो, चौथीच्या पुस्तकातला धडा आठवतो आणि तिथेच आपण थांबतो. मीही थांबले होते. त्या बेलाच्या पानामुळे पुढे गेले. ही त्यांची गोष्ट.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ चा, जामखेड तालुक्यातल्या चौंडी गावचा. जिल्हा तेव्हाचा अहमदनगर. आता त्या जिल्ह्याचंच नाव अहिल्यानगर झालं आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. घर धनगराचं, सुस्थितीतलं पण साधं. मुलींना अक्षरओळख करून द्यायची पद्धत नसतानाच्या त्या काळात माणकोजींनी मुलीला घरीच लिहायला-वाचायला शिकवलं. ही एवढीशी गोष्ट पुढे अर्ध्या माळव्याच्या कामी आली.

पुढची हकीकत सांगोवांगीची, पण सगळ्यांना ठाऊक असलेली. मल्हारराव होळकर फौजेसह जात असताना चौंडीला मुक्काम पडला. देवळात त्यांना ही चुणचुणीत मुलगी दिसली आणि त्यांनी तिला सून करून घ्यायचं ठरवलं. १७३३ साली मल्हाररावांचे एकुलते एक चिरंजीव खंडेराव यांच्याशी तिचं लग्न झालं. वय आठ! आपण आठव्या वर्षी तिसरीत होतो आणि डबा सांडला म्हणून रडत होतो.

मल्हारराव हे स्वतः शून्यातून वर आलेले. नीरेकाठच्या होळ गावचा धनगराचा पोर बाजीराव पेशव्यांच्या फौजेत आपल्या कर्तबगारीवर माळव्याचा सुभेदार झाला होता. त्यामुळे माणूस कामाचा आहे की नाही एवढंच ते बघत. मुलगा खंडेराव जरा ऐषारामी होता. सून मात्र सांगितलेलं काम पुरं करणारी आणि हिशेब चोख ठेवणारी निघाली. सासूबाई गौतमाबाई करड्या शिस्तीच्या, पण त्यांच्याकडून अहिल्याबाई खासगीचा कारभार शिकल्या. हा खासगी शब्द लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे. १७४५ मध्ये मालेराव हा मुलगा आणि १७४८ मध्ये मुक्ताबाई ही मुलगी झाली.

१७५४ मध्ये मराठी फौजांनी सूरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्याला वेढा घातला होता. तिथे तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. अहिल्याबाई तेव्हा २९ वर्षांच्याही नव्हत्या. रिवाजाप्रमाणे त्या सती जायला निघाल्या. मल्हाररावांनी सुनेपुढे पदर पसरावा तशी विनवणी केली, की मुलगा गेला, आता तूही गेलीस तर मी म्हातारा कुणाच्या तोंडाकडे पाहू, या दौलतीचं काय करू. अहिल्याबाई थांबल्या. भोवतालच्या समाजाचा विचार केला तर हे थांबणं जळण्याहून सोपं नव्हतं. टोमणे आयुष्यभर ऐकायचे होते.

त्यानंतरची बारा वर्षं हे त्यांचं खरं इंजिनीअरिंग कॉलेज! मल्हारराव मोहिमांवर असायचे आणि मागचा सगळा पसारा सुनेवर. वसुली, रसद, बैल, दाणागोटा, पत्रव्यवहार. एवढंच नाही तर तोफखानासुद्धा. १७६५ मधल्या पत्रात मल्हाररावांनी त्यांना चंबळ ओलांडून ग्वाल्हेरकडे मोठ्या तोफा न्यायला आणि दारूगोळ्याची भरपूर तजवीज करायला सांगितलं आहे. म्हणजे सासरा सुनेला घरची वास्तपुस्त विचारत नाही, दारूगोळ्याचं काम सोपवतो आहे. हे वाचून मला आमच्या वर्गातल्या मेकॅनिकलच्या चार मुली आठवल्या. त्यांना अजूनही नातेवाईक विचारतात, की मुलीची जात आणि हे लोखंडाचं काम काहून घेतलं?

२० मे १७६६ रोजी आलमपूरला मल्हारराव वारले. सुभेदारीची वस्त्रं मालेरावाला मिळाली. पण तो वर्षही पुरं करू शकला नाही. १७६७ मध्ये तोही गेला. नवरा गेला, सासरा गेला, मुलगा गेला. आता होळकरांच्या गादीवर कोण?

इथे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड पुढे आले. एखादं लहान मूल दत्तक घ्यावं, बाईंनी देवधर्म करत बसावं आणि कारभार आपण बघावा, असा त्यांचा बेत. अहिल्याबाईंनी तो साफ नाकारला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मी एका सुभेदाराची बायको आणि एका सुभेदाराची आई, या दौलतीवर माझा हक्क आहे. दिवाणांनी राघोबादादांना चिथावलं आणि राघोबादादा फौज घेऊन क्षिप्रेपर्यंत येऊन ठेपले. अहिल्याबाईंनी शिंदे, गायकवाड, भोसले अशा सरदारांना पत्रं धाडली, तुकोजी होळकरांना फौजेनिशी उभं केलं, बायकांचीसुद्धा एक तुकडी तयार ठेवली. राघोबादादांना त्यांनी निरोप पाठवला म्हणतात, की मी हरले तर बाई हरली म्हणून कुणी हसणार नाही, पण आपण हरलात तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. राघोबादादांनी आपण केवळ मालेरावाच्या समाचाराला आलो असल्याचं सांगितलं आणि पाहुणचार घेऊन माघारी गेले! पुण्याहून माधवराव पेशव्यांनी अहिल्याबाईंच्या कारभाराला मान्यता दिली. एक थेंबही रक्त न सांडता प्रश्न मिटला. व्यवस्था अशी ठरली, की तुकोजींनी फौज घेऊन मोहिमा कराव्यात आणि राज्याचा कारभार बाईंनी पाहावा.

त्यांनी राजधानी इंदुराहून नर्मदेकाठी महेश्वरला नेली. राहायला मोठा महाल वगैरे नाही, लाकडी खांबांचा साधा वाडा. पांढरं लुगडं, रोज पहाटे स्नान, पूजा आणि मग दरबार. रयतेतला कुणीही थेट येऊन गाऱ्हाणं सांगू शके. आणि एक गोष्ट त्यांनी ठरवली. राज्य आपलं नाही, शंकराचं, आपण फक्त त्याच्या वतीनं कारभार पाहणाऱ्या. म्हणून सरकारी हुकमांवर त्या स्वतःचं नाव घालत नसत, श्रीशंकर असं लिहिलं जाई.

आता येऊ या आपल्या रुपयाकडे.

त्या काळी रुपया म्हणजे साधारण ११ ग्रॅम चांदी. टांकसाळीत चांदी मुशीत घालून गाळायची, कस बघायचा, मग तिचे तुकडे पाडायचे, वजन करून कमीजास्त दुरुस्त करायचं, ठोकून चकत्या करायच्या. खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला. त्यावर चकती, चकतीवर वरचा ठसा आणि त्यावर घणाचा एक घाव. पडला रुपया! यात एक गंमत होती. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा. त्यामुळे सगळा मजकूर कधीच एका नाण्यावर मावत नसे. कधी बादशहाचं अर्धं नाव यायचं, कधी साल कापलं जायचं, तर कधी टांकसाळीचं गाव नाण्याबाहेर राहायचं. आणि मजकूर आला तरी तो फारसीत. बाजारात ज्वारी विकणाऱ्या माणसाला तो काय डोंबल वाचता येणार?

म्हणून चिन्ह. पेशव्यांच्या मुलखात अंकुश असलेले अंकुशी रुपये चालत, शिंद्यांच्या काही टांकसाळींच्या नाण्यांवर त्रिशूळ असे, बडोद्याच्या गायकवाडांच्या नाण्यांवर तलवारीबरोबर देवनागरी अक्षरं असत. अक्षरशत्रू माणसालाही चित्र बघून कळे, की हा रुपया कुठला. आमच्या वऱ्हाडातही तेव्हा निजामाचा अंमल आणि नागपूरकर भोसल्यांचा वाटा अशी दुहेरी राजवट होती. एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, टांकसाळ होती. एकाच बाजारात चार ठिकाणचे रुपये फिरत. सराफ ते वाजवून बघे, कसोटीवर घासे आणि परक्या किंवा झिजलेल्या रुपयावर बट्टा कापून घेई. म्हणजे रुपया रुपयाला मिळत नसे, टांकसाळीची पत बघून त्याची किंमत ठरे. खोटा माल काढणाऱ्या टांकसाळीचं चिन्ह दिसलं, की सराफाच्या कपाळावर आठी!

नाण्यावर नाव मात्र दिल्लीच्या शाहआलम बादशहाचं. हा शाहआलम नाममात्र बादशहा होता. पण त्याच्या नावाशिवाय रुपया बाजारात चालायचा नाही, म्हणून मराठे सरदार आणि पुढे इंग्रजांची कंपनीसुद्धा त्याचंच नाव छापत राहिली. तेव्हा अहिल्याबाईंनी स्वतःचं नाव घातलं नाही ही केवळ त्यांची नम्रता असं म्हणणं खोटं होईल, तो सगळ्यांचाच रिवाज होता. पण चिन्ह ही एकच जागा अशी होती, की जिथे राज्यकर्त्याला स्वतःची निवड करता येत होती. तिथे कुणी हत्यार घातलं, कुणी आपलं अक्षर घातलं. अहिल्याबाईंच्या काळात महेश्वरला आणि मल्हारनगरला, म्हणजे इंदूरला, जी नाणी पडली, त्यांवर शिवलिंग आणि बिल्वपत्र आलं. हुकमावर जशी श्रीशंकर ही सही, तशीच नाण्यावर ही बेलाच्या पानाची सही.

आता बेलाचं पान छापणं सोपं आहे हो, पण निभावणं? देवाचं नाव पुढे करून हात मारणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. देवाची खूण ज्या पैशावर, त्या पैशाचा हिशेब चोख ठेवावा लागतो. आणि अहिल्याबाईंचं खरं मोठेपण मला इथे दिसलं.

होळकरांच्या घरात दोन वेगळे हिशेब होते. एक दौलतीचा, म्हणजे राज्याचा. दुसरा खासगीचा, म्हणजे घरच्या बाईच्या मालकीच्या उत्पन्नाचा. ही खासगीची जहागीर बाजीराव पेशव्यांनी १७३४ मध्ये गौतमाबाईंना दिली होती. ती सुनेकडे आली. अहिल्याबाईंनी देशभर जो दानधर्म केला, तो मुख्यत्वे या खासगीच्या पैशातून. राज्याच्या तिजोरीतला पैसा राज्याच्या कामाला. दोन्ही वह्या वेगळ्या, आणि एका वहीतला पैसा दुसरीत जाऊ नये याकडे त्यांचं बारीक लक्ष.

यावरून तुकोजींशी त्यांचं आयुष्यभर बिनसलं. तुकोजी शूर होते, बाईंना मान देत, आई म्हणत. पण लष्कराला पैसा पुरत नसे आणि हिशेब वेळेवर येत नसे. ते मोहिमेवरून पैशाची मागणी करायचे, बाई आधीचा हिशेब मागायच्या. आता यात तुकोजींचीही बाजू होतीच. उत्तरेत महिनोन्महिने फौज पोसायची तर पैसा लागणारच, आणि फौजेचा पगार थकला की सरदाराचं काय होतं ते घरात बसून कळत नाही. पण बाई आपल्या म्हणण्यावरून हलल्या नाहीत. फेस्टचा ट्रेझरर बिलं दिल्याशिवाय पुढचे पैसे देत नाही म्हणून आपण त्याच्या नावानं खडे फोडतो. तुकोजींचीही तीच तक्रार होती!

त्या पैशातून झालं काय? यादी मोठी आहे. काशी विश्वेश्वराचं आज उभं असलेलं मंदिर त्यांनी १७८० च्या सुमारास बांधलं. सोमनाथाला १७८३ मध्ये नवं देऊळ, गयेला १७८७ मध्ये विष्णुपद मंदिर, वेरूळला घृष्णेश्वर, काशीला घाट. द्वारकेपासून रामेश्वरापर्यंत कुठे धर्मशाळा, कुठे विहीर, कुठे अन्नछत्र. सिव्हिलच्या दोस्तांनी एक गोष्ट बघावी. यातली कितीतरी ठिकाणं होळकरांच्या राज्यात नव्हतीच. तिथून महसूल येणार नव्हता. तहानलेल्या वाटसरूला पाणी मिळावं एवढाच त्यातला फायदा. आणि महेश्वरचा घाट ज्यांनी पाहिला असेल त्यांना दगडी काम म्हणजे काय हे वेगळं शिकवायला नको. दरवर्षी नर्मदेचा पूर झेलत तो अडीचशे वर्षं उभा आहे.

राज्यातही त्यांची नजर पोटापाण्यावर होती. बाहेरून विणकर आणून महेश्वरला वसवले, त्यातून महेश्वरी साडी जन्माला आली. आजही त्या गावात मागाचा खटखटाट ऐकू येतो. डोंगरातले भिल्ल वाटसरूंना लुटत. त्यांच्यावर नुसती फौज न पाठवता बाईंनी त्यांनाच वाटेच्या राखणीचं काम दिलं आणि त्या बदल्यात प्रवाशांकडून थोडीशी पट्टी घ्यायला परवानगी दिली. तिला भिलकवडी म्हणत. जो लुटत होता तोच राखणदार झाला! निपुत्रिक विधवेची मालमत्ता सरकारजमा करायची त्या काळची पद्धत होती. बाईंनी ती मालमत्ता विधवेकडेच राहू दिली, दत्तक घेण्याचा तिचा हक्क राखला. हे सगळं पुढे एका इंग्रजानं, जॉन माल्कम यानं, माळव्यात हिंडून लोकांकडून ऐकलं आणि १८२३ मध्ये छापलेल्या ग्रंथात लिहून ठेवलं. होळकरांशी लढलेल्या पक्षाचा हा माणूस. त्यालाही बाईंबद्दल वाईट बोलणारं कुणी भेटलं नाही.

पण त्यांच्या स्वतःच्या घरात दिवा टिकला नाही. मुलगी मुक्ताबाई यशवंतराव फणसे यांना दिली होती. तिचा मुलगा नथ्याबा हा आजीचा जीव की प्राण. तो ऐन तारुण्यात गेला. त्या पाठोपाठ १७९१ मध्ये जावईही वारले. मुक्ताबाई सती जायला निघाली. जिला ३७ वर्षांपूर्वी सासऱ्यानं हात जोडून थांबवलं होतं, ती आता आपल्या मुलीला थांबवायला हात जोडत होती. मुलीनं ऐकलं नाही. तू म्हातारी झालीस, तू गेल्यावर माझं कोण, असं काहीसं तिचं म्हणणं होतं. नर्मदेकाठी चिता पेटली आणि आई बघत राहिली. साऱ्या माळव्यात जिचा शब्द चाले, तिचा शब्द घरात चालला नाही. मला वाचताना इथे पुस्तक मिटून ठेवावं लागलं.

तरीही काही दिवसांनी दरबार परत सुरू झाला. गाऱ्हाणी, हिशेब, पत्रं. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरला अहिल्याबाई वारल्या. वय ७०. २८ वर्षं त्यांनी राज्य चालवलं आणि त्या काळात, जेव्हा सगळा मुलूख लढायांनी पोळत होता, त्यांच्या माळव्यात शेतकरी पेरणी करून कापणीची खात्री बाळगू शकत होता.

दोन वर्षांनी, १७९७ मध्ये, तुकोजीही गेले आणि भावाभावांत लढाया सुरू झाल्या. पुढे यशवंतराव होळकरांनी १८०६ मध्ये संस्कृत मजकुराचा रुपया पाडला. १८१८ मध्ये इंग्रजांशी तह झाला आणि राजधानी इंदूरला आली. इंदूरच्या पुढच्या नाण्यांवर सूर्याचा चेहरा दिसतो. हातोड्याची नाणी जाऊन यंत्राची आली. बेलाच्या पानाचे रुपये हळूहळू मुशीत गेले, कुणाच्या तोड्यात, कुणाच्या वाळ्यात वितळून गेले. काही उरले ते संग्रहालयात आणि संग्राहकांकडे.

आणि आता शेवटची गंमत. ३१ मे २०२५ रोजी त्यांच्या जन्माला ३०० वर्षं झाली. त्या दिवशी भोपाळमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भारत सरकारचं ३०० रुपयांचं एक स्मारक नाणं प्रकाशित झालं. त्यावर अहिल्याबाईंचं चित्र आहे आणि नावही. हयातभर ज्या नाण्यावर त्यांनी नाव घातलं नाही, त्यावर ते २३० वर्षांनी दुसऱ्यांनी घातलं. त्यासाठी त्यांना अर्ज करावा लागला नाही!

दोस्तांनो, आपल्या ड्रॉईंग शीटच्या कोपऱ्यात एक चौकट असते. काढणाऱ्याचं नाव, तपासणाऱ्याची सही. शीट ट्रेस करून मारलेली असते तेव्हाही आपण तिथे झोकात नाव टाकतो, हे मी माझ्याबद्दलसुद्धा कबूल करते. उद्या आपण पुलाच्या नकाशावर, बॉयलरच्या सर्टिफिकेटवर, प्रोग्रॅमच्या शेवटी अशाच खुणा करणार आहोत. ती खूण बघून कुणीतरी आपला रुपया न वाजवता खिशात टाकेल. त्याला सराफाकडे जाऊन बट्टा सोसावा लागू नये, एवढं तरी आपल्याला जमायला हवं.

आजीचे पाच रुपये परत डबीत गेले आहेत. मध्यंतरी चांदीचा भाव वाढला तेव्हा घरात कुणीतरी ते मोडायचा विषय काढला होता. आजीनं नकार दिला. का, ते तिनं सांगितलं नाही. पुढच्या दिवाळीला मी भिंग घेऊन जाणार आहे. उरलेल्या तीन रुपयांवरच्या फुलांखाली काय आहे, ते अजून बघायचं राहिलंय.